ओमाहात न झालेला सामना : कॉलेज वर्ल्ड सिरीज २०२१

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात २६ जून २०२१चा शनिवार अजून उजाडायचा होता. रात्री एक वाजून गेल्यावर एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने एक छोटं निवेदन काढलं. त्याच दुपारी व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट या विद्यापीठांच्या बेसबॉल संघांत ठरलेला सामना कोविडच्या नियमांमुळे होणार नाही. स्पर्धेचं वैद्यकीय पथक आणि डग्लस काउंटीचा आरोग्य विभाग यांच्या शिफारशीवरून हा निर्णय घेतला आहे. व्हँडरबिल्ट अंतिम फेरीत जाईल. निवेदनाचा सगळा मजकूर एवढाच होता.

त्या दुपारी जो जिंकेल तो राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळणार होता. दोन्ही संघ बरोबरीत होते, दोघांच्या नावावर एकेक पराभव होता. पैकी एक संघ पुढे गेला आणि दुसऱ्याला सामान आवरून घरी जावं लागलं.

या प्रकरणाबद्दल अमेरिकेत बरंच बोललं गेलं, पण बहुतेक बोलणं दोन टोकांचं होतं. एका बाजूचं म्हणणं, मुलांवर अन्याय झाला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लस घेतली नाही, मग भोगा. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. रात्री एकचा निर्णय, त्या क्षणी समोर असलेल्या माहितीवर, मी चुकीचा मानत नाही. पण ती वेळ यावी अशी सोय नियमांनीच आधी करून ठेवली होती, आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, याच दोन संघांचा आधीचा सामना खेळवण्याचा निर्णय शनिवारच्या निर्णयाशी कुठेच जुळत नव्हता. ते कसं, हे पाहायचं तर आधी स्पर्धा कशी चालते ते पाहायला हवं.

स्पर्धेची रचना

अमेरिकेत कॉलेज बेसबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत तीनशेच्या आसपास संघ आहेत. मेअखेर त्यातले ६४ निवडले जातात. चार-चार संघांचे १६ गट होतात आणि प्रत्येक गट कुठल्यातरी एका कॉलेजच्या मैदानावर खेळतो. १६ गटविजेत्यांच्या आठ जोड्या लागतात, त्या तीनपैकी दोन सामन्यांच्या मालिका खेळतात, आणि उरलेले आठ संघ जूनच्या मध्यावर ओमाहाला येतात. या शेवटच्या टप्प्याला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. १९४७ साली मिशिगनमधल्या कॅलामाझू इथे ती पहिल्यांदा झाली. कॅलिफोर्नियाने येलला हरवलं. येलकडून फर्स्ट बेसवर खेळणारे जॉर्ज बुश पुढे अमेरिकेचे ४१वे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५० पासून मात्र ही स्पर्धा ओमाहाची आहे. साठ वर्षं ती रोझेनब्लॅट स्टेडियमवर झाली, २०११ पासून शहराच्या मध्यवस्तीतल्या चोवीस हजार आसनांच्या नव्या मैदानावर होते. ज्या शहरात मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा, संघ नाही, त्या शहरात जूनमध्ये दोन आठवडे बेसबॉलशिवाय दुसरा विषय नसतो.

आठ संघांचे दोन गट होतात आणि इथे डबल एलिमिनेशनची पद्धत असते, म्हणजे दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. सलग दोन सामने जिंकणारा संघ गटाच्या शेवटच्या लढतीत बसतो. पराभूतांच्या बाजूने वर आलेल्या संघाला त्याला दोनदा हरवावं लागतं, न हरलेल्या संघाला मात्र एकच विजय पुरतो. बेसबॉलसारख्या खेळात, जिथे एक उत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एखाद्या दिवशी कुणालाही गप्प बसवतो, तिथे एका सामन्यावर हिशोब करायचा नाही, ही या पद्धतीमागची समजूत आहे. ती इथे महत्त्वाची आहे, कारण या प्रकरणात तीच मोडली.

आणखी एक गोष्ट. ही मुलं व्यावसायिक नाहीत. त्या काळी एका कॉलेज संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या देता येत, त्या पंचवीस-तीस जणांत तुकड्यातुकड्याने वाटल्या जात. म्हणजे बहुतेक खेळाडू निम्मी-अधिक फी स्वतः भरून खेळत. २०२१मध्ये मेजर लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, फेऱ्याही फक्त २० होत्या, दोन वर्षांपूर्वी त्या ४० होत्या. त्यामुळे ओमाहाला पोचलेल्या अनेक मुलांचा हा आयुष्यातला शेवटचा मोठा बेसबॉल होता.

इथवरचा रस्ता

नॉर्थ कॅरोलिना स्टेट (पुढे नुसतं 'स्टेट') हे रॉली शहरातलं सरकारी विद्यापीठ. त्यांचा संघ याआधी १९६८ आणि २०१३ अशा दोनच वेळा ओमाहाला आला होता, अंतिम फेरी कधीच खेळला नव्हता. एलियट अव्हेंट १९९६-९७च्या मोसमापासून प्रशिक्षक. २०२१च्या मोसमाची सुरुवात इतकी वाईट झाली की पहिल्या १३ सामन्यांत चार विजय आणि नऊ पराभव, आणि स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे नेहमी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, नऊपैकी आठ पराभव. अशा संघाचं नाव मार्चमध्ये ओमाहासाठी कुणी घेत नसतं.

मग संघ सावरला. लुइझियानातल्या रस्टनचा गट त्यांनी एकही सामना न गमावता जिंकला. पुढे गाठ पडली देशात पहिलं मानांकन असलेल्या आर्कन्सॉशी, तीही त्यांच्याच घरी, फेयेटव्हिलला. पहिला सामना आर्कन्सॉने २१-२ असा जिंकला. बेसबॉलमध्ये एवढा फरक म्हणजे संघाची अब्रू जाणं. दुसऱ्या दिवशी स्टेटने ६-५ असा विजय मिळवला. तिसऱ्या दिवशी आर्कन्सॉने केव्हिन कॉप्सला सुरुवातीपासून उतरवलं. कॉप्स मोसमभर शेवटच्या इनिंगांना येऊन सामने बंद करणारा पिचर (बेसबॉलचा सामना नऊ इनिंगांचा असतो), त्या वर्षीच्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कारही पुढे त्यालाच मिळाला. आठ इनिंग तो टिकला. नवव्याच्या सुरुवातीला स्टेटचा शॉर्टस्टॉप होजे टोरेस याने त्याला होम रन, म्हणजे थेट कुंपणापार जाणारा फटका, मारला आणि ३-२ असा निकाल लागला. २१-२ नंतर दोन दिवसांत हे घडलं, यावर त्या वेळी खुद्द स्टेटच्या चाहत्यांचा विश्वास बसत नव्हता.

ओमाहात १९ जूनला त्यांनी स्टॅनफर्डला १०-४ असं हरवलं. सोमवारी, २१ जूनला समोर व्हँडरबिल्ट होतं. नॅशव्हिलचं हे खासगी विद्यापीठ २०१९चा विजेता संघ होतं, आणि २०२०ची स्पर्धा कोविडने रद्द झाल्यामुळे अजूनही गतविजेतं. त्यांच्याकडे देशातले दोन सर्वांत चर्चित पिचर होते, जॅक लाइटर आणि कुमार रॉकर. कुमार हे नाव वाचून आपल्याकडचा वाचक थबकेल. त्याची आई ललिता भारतीय वंशाची, वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉलमधले नावाजलेले खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक.

त्या सोमवारी लाइटरने आठ इनिंगांत १५ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. तरीही तो हरला. टेरेल टेटमने मारलेला एकमेव होम रन स्टेटला पुरला, १-०. समोरून सॅम हायफिलने सातपेक्षा जास्त इनिंग टाकून व्हँडरबिल्टला दोनच हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) दिले. हे नाव लक्षात ठेवायला हवं, शुक्रवारी ते पुन्हा येणार आहे.

दोन सामने, दोन विजय. आता मंगळवार, बुधवार, गुरुवार सुट्टी. मधल्या बुधवारी व्हँडरबिल्टने स्टॅनफर्डला ६-५ असं हरवून स्वतःला जिवंत ठेवलं, तेही नवव्या इनिंगमधल्या एका वाइल्ड पिचवर, म्हणजे कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूवर. शुक्रवारी पुन्हा हेच दोघे समोरासमोर. स्टेटला एक विजय हवा होता, व्हँडरबिल्टला दोन.

शुक्रवार

गुरुवार-शुक्रवारच्या सुमारास स्टेटच्या संघात आजारपण शिरलं. शुक्रवारी दुपारी सामना ठरल्या वेळी सुरू झाला नाही. तासाभराच्या खोळंब्यानंतर स्टेटचा संघ मैदानात आला तेव्हा २७ पैकी १३ खेळाडू उपलब्ध होते : नऊ जण मैदानात उतरायला आणि चार पिचर. नऊजणांपैकीही एक म्हणजे हायफिल, सोमवारचा पिचर. त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं होतं. कॉलेजात पिचर सहसा बॅट धरतच नाही, त्याच्या जागी डेझिग्नेटेड हिटर खेळतो. हायफिलने हातात बॅट घेतली, समोर रॉकर होता, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणारा. आणि त्याने हिट मारला. त्या दिवशी मैदानात व्हँडरबिल्टचे चाहते नसलेला प्रत्येकजण या १३ जणांच्या बाजूने होता.

सामना ३-१ असा गेला. रॉकरने सहा इनिंगांत ११ जणांना स्ट्राइकआउट केलं. तरीही स्टेट शेवटपर्यंत सामन्यात होतं. राखीव खेळाडू बाकावर नाहीत, कुणी जखमी झालं तर बदली द्यायला माणूस नाही, पिचिंगला नेहमीच्या सुरुवातीच्या पिचरांपैकी कुणी नाही, आणि फरक दोन रनांचा. दोघांचा एकेक पराभव झाला, शनिवारी दुपारी निर्णायक सामना, असं सगळे धरून चालले होते.

इथे थांबून नियम काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. एनसीएएच्या २०२१च्या नियमांत लस न घेतलेल्या खेळाडूंची स्पर्धेदरम्यान एक दिवसाआड चाचणी होत असे. पूर्ण लस घेतलेल्यांना, लक्षणं नसतील तर, या नेमाने होणाऱ्या चाचणीतून सूट होती. त्या महिन्यात अमेरिकेतल्या आरोग्ययंत्रणेचा सर्वसामान्यांना सल्लाही याच धर्तीचा होता : लस पूर्ण झाली असेल आणि लक्षणं नसतील, तर बाधिताच्या संपर्कात आलात तरी चाचणीची गरज नाही. एनसीएएने मनाने काही काढलं नव्हतं.

पण एका संघात लस घेतलेले आणि न घेतलेले एकाच बसमध्ये बसतात, एकाच हॉटेलात जेवतात, एकाच डगआउटमध्ये तीन-तीन तास खांद्याला खांदा लावून असतात. अर्ध्यांची चाचणी करायची आणि अर्ध्यांची नाही, याचा अर्थ संघात काय चाललं आहे याचं अर्धंच चित्र हाती येतं. न घेतलेल्यांमध्ये कुणी पॉझिटिव्ह सापडला, त्याच्या संपर्कातले बाजूला काढले, की कागदावर बाकीचे सुरक्षित ठरतात. शुक्रवारी दुपारी ते १३ जण याच कागदी हिशोबावर मैदानात उतरले. मग तपासणी लस घेतलेल्यांपर्यंत गेली. निकाल आले तेव्हा त्यांच्यातलेही काहीजण पॉझिटिव्ह निघाले. दुपारचा हिशोब रात्री कोसळला.

रात्रीचा निर्णय

आरोग्य अधिकाऱ्याच्या जागी बसून विचार केला, तर रात्री एक वाजता दुसरं काही करणं कठीण होतं. एका संघात संसर्ग पसरतो आहे, लस घेतलेल्यांमध्येही, आणि उरलेल्यांपैकी कोण उद्या पॉझिटिव्ह येईल हे सांगता येत नाही. अशा संघाला बारा तासांत दुसऱ्या संघासमोर उभं करायला कुठला डॉक्टर सही देईल? 'पण दुपारी खेळलेच ना!' हा युक्तिवाद चाहत्यांनी फार केला. दुपारी चूक झाली म्हणून ती संध्याकाळी पुन्हा करायची, असं आरोग्याच्या कामात चालत नाही.

चाहत्यांच्या रागाचं दुसरं कारण मात्र मला पूर्ण पटतं. त्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. हजारो माणसं, बहुतेक बिनमास्क, लस घेतली की नाही हे कुणी विचारत नव्हतं. ज्यांच्यासाठी ही गर्दी जमली, त्या विशीतल्या मुलांवर तेवढे नियम. कायद्याने दोन्ही बरोबर असेल, पण ते पाहणाऱ्याच्या गळी उतरत नाही.

सामना 'झालाच नाही' असं नोंदवलं गेलं. म्हणजे स्टेटने सामना सोडला असा निकाल नाही, त्यांच्या नावावर पराभवही नाही. ओमाहातली त्यांची नोंद दोन विजय, एक पराभव अशीच राहिली आणि मोसम ३७-१९ वर थांबला. दोन पराभवांनीच बाद करणाऱ्या स्पर्धेतून एकाच पराभवावर संघ बाहेर पडला.

त्याच शनिवारी दुसऱ्या गटातही निर्णायक सामना होता, मिसिसिपी स्टेट विरुद्ध टेक्सस. तो नवव्या इनिंगच्या शेवटच्या हिटवर ४-३ असा मिसिसिपी स्टेटने जिंकला. एकाच स्टेडियमवर त्या दिवशी दोन अंतिम संघ ठरले, एक मैदानात ठरला आणि दुसरा त्याआधीच मध्यरात्रीच्या निवेदनाने.

दोष कुणाचा

लशीचा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत १९ एप्रिल २०२१ पासून सोळा वर्षांवरच्या सर्वांना लस खुली होती. त्या दिवशी पहिला डोस घेतला, तीन आठवड्यांनी दुसरा, आणि त्यावर दोन आठवडे, तर २४ मेपर्यंत कुणीही 'पूर्ण लस घेतलेला' ठरला असता. ६४ संघांची पहिली फेरी जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. वेळ होता. अव्हेंट यांना पत्रकारांनी विचारलं की तुम्ही खेळाडूंना लशीबद्दल काही सांगितलं का. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. बेसबॉल शिकवणं हे आपलं काम, आपली मतं मुलांवर लादणं नव्हे, असा त्यांचा सूर होता. मला हे उत्तर एका प्रशिक्षकाचं वाटत नाही. गुडघ्याला बर्फ लाव, रात्री वेळेवर झोप, हे सांगताना कुठलाच प्रशिक्षक 'मतं लादतो' असं कुणी म्हणत नाही. ज्या नियमाने संघाचा मोसम संपू शकतो, त्याचे परिणाम मुलांना बसवून नीट सांगणं हे त्याच्या कामातच येतं. लस घ्यायची की नाही हे पुढे ज्याने त्याने ठरवावं.

पण सगळा भार संघावर टाकून मोकळं होणं सोयीचं आहे. लस घेतलेलेही पॉझिटिव्ह आले, ही या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. समजा संघातल्या प्रत्येकाने लस घेतली असती. मग नियमाप्रमाणे लक्षणं नसलेल्या कुणाचीच चाचणी झाली नसती, आणि तीच बाधित मुलं बिनबोभाट अंतिम फेरी खेळली असती. स्पर्धेतल्या इतर संघांत काय होतं, हे या नियमाखाली कुणाला कळणारच नव्हतं. म्हणजे नियम संसर्ग शोधत नव्हता, तो फक्त लस न घेतलेल्यांमधला संसर्ग शोधत होता. आणि शोध लागला की शिक्षा सगळ्या संघाला, लस घेतलेल्यांनासुद्धा. महिनाभरातच, २७ जुलै २०२१ला, अमेरिकी आरोग्ययंत्रणेने सल्ला बदलला : संपर्कात आलात तर लस घेतली असली तरी तीन ते पाच दिवसांनी चाचणी करा. विषाणूचा डेल्टा प्रकार पसरत होता, माहिती बदलली होती. ओमाहाच्या मुलांना तो महिना मिळाला नाही.

एनसीएएला याची आगाऊ कल्पना नव्हती असंही नाही. मार्चमध्ये, पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेत, व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा संघ ऑरेगनविरुद्धच्या सामन्याआधी काही तास असताना असाच बाहेर गेला होता. तिथे कागदावर नियम होता की पाच निरोगी खेळाडू असले तरी खेळता येईल, पण स्थानिक आरोग्य अधिकारी नाही म्हणाले की तो आकडा निरर्थक ठरतो, हे तेव्हाच दिसलं होतं. तीन महिने हातात होते. बेसबॉलसाठी 'अमुक इतके बाधित झाले तर सामना नाही' अशी उंबरठ्याची रेषा आधी जाहीर करता आली असती. ती असती तर शुक्रवारी सकाळीच सगळ्यांना कळलं असतं की आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत.

दुसरं काय करता आलं असतं

सामना पुढे ढकलायचा, हा पहिला विचार कुणाच्याही मनात येतो. आपल्याकडच्या वाचकाला तर लगेच आठवेल : त्याच वर्षी ४ मेला आयपीएल थांबली आणि सप्टेंबरात अमिरातीत पुरी झाली. १० सप्टेंबरला मँचेस्टरची भारत-इंग्लंड कसोटी सामन्याच्या दिवशी सकाळी रद्द झाली, आणि पुढच्या वर्षी जुलैत एजबॅस्टनला खेळली गेली. तिथे इंग्लंडने ३७८ धावांचा पाठलाग केला आणि मालिका २-२ झाली. गोल्फपटू जॉन रामला जूनच्या सुरुवातीला सहा फटक्यांची आघाडी असताना स्पर्धा सोडावी लागली, दोन आठवड्यांनी त्याने यूएस ओपन जिंकली.

व्यावसायिक खेळात पुढची तारीख असते. कॉलेजात नसते. अंतिम मालिका सोमवार, २८ जूनला सुरू व्हायची होती. बाधितांचं विलगीकरण दहा दिवसांचं, म्हणजे थांबायचं तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तोपर्यंत दुसऱ्या गटाचा विजेता ओमाहात बसून राहणार, टीव्हीचं वेळापत्रक कोलमडणार, ११ जुलैला ड्राफ्ट. अशक्य नव्हतं, पण एका रात्रीत ठरवण्यासारखंही नव्हतं. एखाद्या दिवसाने सामना सरकवून काही हाती लागलं नसतं, विषाणूला रविवार सोमवार कळत नाही.

राहिला शुक्रवार. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला निर्णायक क्षण तोच होता. पहिले पॉझिटिव्ह सापडल्यावर एका तासाच्या खोळंब्यात उरलेल्या १३ जणांना मैदानात सोडण्याऐवजी, लस घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांची चाचणी आधी करायची आणि निकाल हाती येईपर्यंत सामना थांबवायचा. शनिवार मोकळा करता आला असता, पावसाने सामने सरकतात तसेच सरकवून. २०१८ची अंतिम मालिका पावसामुळे सोमवारऐवजी मंगळवारी सुरू झाली होती, त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सगळे निकाल शुक्रवारी दुपारपर्यंत आले असते तर कदाचित स्टेट तेव्हाच बाहेर गेलं असतं, दोन विजय आणि शून्य पराभवांवर. ते याहून कडू झालं असतं हे मान्य. पण व्हँडरबिल्टचे खेळाडू त्या दुपारी बाधित असू शकणाऱ्या संघासमोर उभे राहिले नसते, आणि त्या १३ मुलांना आज खेळा, उद्या तुम्ही धोका आहात, असं बारा तासांत ऐकावं लागलं नसतं.

त्यानंतर

व्हँडरबिल्टच्या वाट्यालाही यातून सुख आलं नाही. प्रशिक्षक टिम कॉर्बिन यांच्या संघाने शनिवारी आपसांत सराव सामना खेळला, सोमवारी अंतिम मालिकेतला पहिला सामना मिसिसिपी स्टेटविरुद्ध ८-२ असा जिंकला, आणि पुढचे दोन १३-२ आणि ९-० असे हरले. ३० जूनच्या शेवटच्या सामन्यात रॉकर हरला. समोर विल बेडनारने सहा इनिंग एकही हिट दिला नाही. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचं कुठल्याही सांघिक खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद होतं. व्हँडरबिल्टच्या मुलांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, पण त्या आठवड्यात त्यांना टीका सोसावी लागली. ती चुकीच्या पत्त्यावर गेली.

जुलैच्या ड्राफ्टमध्ये लाइटर दुसऱ्या क्रमांकावर टेक्सस रेंजर्सकडे गेला. रॉकरला दहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क मेट्सने घेतलं, पण वैद्यकीय तपासणीवरून करार झाला नाही. वर्षभराने रेंजर्सनेच त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. ज्यांच्यात हा दर्जा होता त्यांचं पुढे ठीक झालं. बाकावरच्या, चौथ्या वर्षातल्या, कुणी न निवडलेल्या मुलांचं नाव अशा यादीत येत नाही, आणि नुकसान त्यांचंच जास्त झालं. २०२०ची स्पर्धा रद्द झाली तेव्हा एनसीएएने सगळ्यांना खेळण्यासाठी एक जादा वर्ष दिलं होतं. एका शनिवारची भरपाई मात्र कुठल्या नियमात बसत नव्हती.

नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा संघ रॉलीला परतला तेव्हा चाहत्यांनी घरच्या मैदानावर त्याचं स्वागत केलं. २०२२मध्ये चांगला मोसम होऊनही निवड समितीने त्यांना ६४ संघांत घेतलं नाही, आणि तिथल्या लोकांच्या जुन्या जखमेवर मीठ पडलं. २०२४मध्ये अव्हेंट पुन्हा ओमाहाला पोचले. केंटकीविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये ५-४ अशी हार, मग फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा ५-४ अशी. दोन पराभव झाले आणि संघ बाहेर पडला, स्पर्धेचा नियम सांगतो त्याप्रमाणे.